टाळाची तबकडी

प्रिय मित्रा,

काकूंच्या अभंगांच्या सीडीचं चित्र कुठवर आलं, असं विचारलंस. झकास चाललंय!

तू म्हणालास तसा काकूंचा फोटो तबकडीवर लावून पाहिला. सीडी 120 मिलिमीटरची, मधलं भोक 15चं. फोटो मधोमध घेतला की भोक नेमकं चेहऱ्यावर येतं. ते मला बघवेना. फोटो आता आतल्या पुस्तिकेत जाईल आणि तबकडीवर येईल टाळ. दोरी ओवायला टाळालाही मधोमध भोक असतंच, ते सीडीच्या भोकावर बरोबर बसतं. भजनी मंडळाच्या गाण्याला याहून शोभेल असं मला तरी दुसरं काही सुचत नाही.

टाळ इंकस्केपमध्ये काढतोय, फोटोचं काम गिंपमध्ये. दोन्ही फुकट मिळतात. खरी मजा आहे ती पितळेच्या रंगात. सीडी मुळात चंदेरी. म्हणून स्क्रीन प्रिंटिंगवाले आधी पांढरा थर देतात आणि त्यावर रंग चढवतात. तो पांढरा दिला नाही, तर पातळ शाईतून खालची चमक वर येते. म्हणून टाळाखालचा पांढरा मी काढूनच टाकलाय. पिवळसर तपकिरी रंग थेट चंदेरीवर पडला की पितळेसारखा झळकेल. अक्षरांखाली मात्र पांढरा हवाच, नाहीतर ती चमकेत हरवतील. भोकाभोवती पारदर्शक प्लॅस्टिकचं कडं असतं, तिथे ही चमक मिळत नाही. तेवढा भाग गडद ठेवून टाळाची वाटी दाखवतोय.

सगळ्यात जास्त जीव अक्षरांत अडकलाय. इंग्रजी सीड्यांवर नाव कडेकडेने गोल फिरवतात. आपली अक्षरं तशी फिरवली की प्रत्येक अक्षर जरा कलतं आणि शिरोरेषेत फटी पडतात. तुटक्या शिरोरेषेची मराठी काकूंच्या सीडीवर मी जाऊ देणार नाही. नाव भोकाच्या खाली, सरळ ओळीत. फॉन्ट मुक्ता, लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. छापायला देण्याआधी अक्षरांचे पाथ करून टाकेन, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर ‘विठ्ठल’मधलं जोडाक्षर सुटं व्हायचं आणि वेलांटी भलतीकडेच जायची.

आता तुझ्याकडचं काम. काकूंचा वीणा घेतलेला फोटो ईमेलने पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे तो दाबला जातो. पुस्तिकेचं पान 120 मिलिमीटर चौरस, म्हणजे 300 डीपीआयला एका बाजूला साधारण 1,417 पिक्सेल. शिवाय कापणीसाठी चारी कडांना 3 मिलिमीटर जास्त. मूळ फोटो लहान आहे, तेव्हा 1200 डीपीआयवर स्कॅन कर. आणि पेटी, पखवाज, टाळ कुणाकुणाचे होते ते मावशीला विचारून लिही. साथीदारांपैकी एकाचंही नाव सुटता कामा नये.

तुझाच,
मित्र