मागचा ब्रेक

मी हातात पाना घेतला की आमची ही मुलांना घरात बोलावते. तिचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. 1974 साली मी धाकट्या भावाच्या, बाळच्या सायकलचा मागचा ब्रेक घरीच दुरुस्त केला होता. त्या वेळी दांडीचे ब्रेक असत. दांडीचा नट मी बोटांनी फिरवून बसवला आणि ‘पान्याने मग आवळू’ म्हणून जेवायला उठलो. ते ‘मग’ राहून गेले. दुसऱ्या दिवशी बाळ कात्रजच्या जुन्या घाटात पडला आणि गळ्याजवळचे हाड मोडून घेऊन आला. हाड जुळले, पण तेथे उंचवटा राहिला. तो त्याबद्दल मला एका शब्दाने कधी बोलला नाही. बोलला असता तर फार बरे झाले असते.

हे सगळे गेल्या वर्षी पुन्हा वर आले, ते माझी नात सई हिच्यामुळे. तिच्या बापाची जुनी माउंटन बाईक गॅलरीत वीस वर्षे लोंबकळत होती. ती काढून सई क्लासला जाऊ लागली. सांगाडा पोलादी आणि दणकट. पण मागचे चाक आउट झालेले. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची गंमत अशी, की चाक वाकडे असेल तर रबर एका बाजूला घासते, आणि घासू नये म्हणून सैल करावे तर ऐन वेळी धरत नाही. पावसात तर रिम ओली झाली की विचारूच नका. एके दिवशी सई चप्पल रस्त्याला घासत थांबली, हे मी गॅलरीतून पाहिले.

“आजोबा, डिस्क ब्रेक बसवून द्या ना!” ती म्हणाली.

दुकानदाराने सायकलकडे न बघताच सांगितले, “याला बसत नाही. फ्रेमला कानच नाहीत. नवी घ्या.” कान म्हणजे कॅलिपर, डिस्कला चिमटीत धरणारा तो भाग, बोल्टने बसवायला मागच्या चिमट्यावर जी जागा असते ती. त्याचे म्हणणे खरे होते. पण एकतीस वर्षे कारखान्यात ड्रॉइंग काढून निवृत्त झालेल्या माणसाला ‘बसत नाही’ हे शब्द सहन होत नाहीत.

जुन्या बाजारात डिस्कच्या हबाचे चाक मिळाले, केबलवर चालणारा कॅलिपरही मिळाला. डिस्क 160 मिलिमीटरची, हबाला सहा बोल्टांनी बसणारी. मग पुठ्ठा कापून नमुना केला. एक्सलसाठी दहा मिलिमीटरचे एक भोक, कॅलिपरच्या बोल्टांसाठी एकमेकांपासून 51 मिलिमीटरवर दोन भोके. त्याबरहुकूम पाच मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी करवतीने कापली, कानशीने घासली. दोन दिवस शेजाऱ्यांची वामकुक्षी झाली नाही. पट्टी डाव्या बाजूला एक्सलवर चढवली आणि वरचे टोक सीटकडून उतरणाऱ्या नळीला पत्र्याच्या पट्ट्याने बांधले. पातळ वॉशर घालून कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर आणला. काय देखणे दिसत होते म्हणता!

अंगणात चालण्याच्या वेगाने गेलो आणि ब्रेक दाबला. पत्र्याचा पट्टा ताणून उघडला, पट्टी कॅलिपरसकट चाकाबरोबर पुढे फिरली आणि नळीवर आपटली. नळीला पोचा आला. ही दारात उभी होती.

“यावर सईला बसवणार होतात?” तिने एवढेच विचारले.

त्या रात्री झोप आली नाही, म्हणून कागद घेतला. हिशेब मी आधी करायला हवा होता. चाकाची त्रिज्या सुमारे 33 सेंटिमीटर. ब्रेक डिस्कला धरतो ते मध्यापासून सात सेंटिमीटरवर. म्हणजे रस्ता टायरला वीस किलोने मागे ओढत असेल, तर कॅलिपरवर नव्वद किलोंहून जास्त जोर येतो. तो जोर मी चार बोटे रुंद पत्र्यावर सोपवला होता! पण तोच जोर एक्सलपासून वीस सेंटिमीटरवर पेलला तर तेहतीस किलोंवर येतो. जुन्या मोटारसायकलींच्या ड्रम ब्रेकला सांगाड्याशी बांधलेली एक दांडी असे, ती उगीच नव्हे. शिवाय चाक पुढे फिरते तेव्हा एक्सलच्या पुढचे टोक खाली दाबले जाते. मग ते टोक पट्ट्याने लटकवायचे कशाला? पेडलकडून येणाऱ्या नळीवर सरळ टेकवावे!

दुसरी पट्टी तशी केली. लांब हात पुढे काढला, टोकाखाली अर्ध्या पाइपाचे बूड दिले, खाली रबर घातले. क्लिप फक्त टोक इकडेतिकडे सरकू नये म्हणून. सगळे नट नायलॉनचे, आपोआप सैल न होणारे. महिनाभर मी एकटाच ती चालवत होतो. पोत्यात वीस किलो गहू घालून कॅरिअरवर बांधत होतो. रोज नट तपासत होतो आणि नळीला चीर पडली का ते भिंगाने बघत होतो. पुढच्या चिमट्याला मात्र असला उद्योग करायला मी धजणार नाही, आणि कुणाला करूही देणार नाही.

दिवाळीत बाळ फराळाला आला. सायकल अंगणात होती. “दादा, हे काय नवीन?” म्हणत त्याने टांग मारली.

“अरे थांब, नट बघू दे!” मी ओरडलो, तोवर तो गल्लीच्या उतारावर होता. त्याचे वय अडुसष्ट. माझ्या हातात चकली होती, ती तशीच राहिली. कोपऱ्यावर रिक्षा आडवी आली. ब्रेक भयंकर किंचाळला आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली.

तो हळूहळू चढ चढून परत आला. सायकल स्टँडला लावली. मग खाली वाकून त्याने एक्सलच्या नटावर दोन बोटे ठेवली आणि तो फिरवून पाहिला. नट हलला नाही.

“या वेळी पान्यानं आवळलायस,” तो म्हणाला, आणि वहिनीला चहा टाकायला सांगून आत गेला.