सरमेचे पिल्लू

महाभारताच्या आरंभीच एक कुत्री न्याय मागायला येते. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचे पिल्लू तेथे गेले आणि राजाच्या तीन भावांनी त्याला बडवून काढले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, तिकडे पाहिलेसुद्धा नव्हते. सरमेने जाब विचारला. उत्तर मिळाले नाही. तेव्हा न दिसणारे भय तुझ्यावर येईल, असा शाप तिने राजाला दिला. राजा धास्तावला, शापनिवारणासाठी पुरोहित शोधू लागला. मार खाल्लेल्या पिल्लाच्या मनात कोणते भय उरले, हे मात्र कथा सांगत नाही.

तसले एक पिल्लू रायपूरला तात्यापारा मोहल्ल्यात एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी आले. आईचे दूध तुटण्याआधीच कोणी ते उचलले होते आणि पुढचे पाच महिने गच्चीवर एकटे बांधून ठेवले होते. नाव शेरू, नाव ठेवणाऱ्याचा विनोद असावा. माणसांशी त्याचे उत्तम जमले. पण रस्त्यावर दुसरे कुत्रे दिसले, की शेपूट पायांत घालून तो पोट जमिनीला टेकवी. साखळी ताणली गेली, की तोच उलटून दात विचकी. पाहणाऱ्यांनी त्याला मारका ठरवले. भित्र्याच्या वाट्याला हे विशेषण पुष्कळदा येते. सकाळची लघवीही तो दुपारपर्यंत धरून ठेवू लागला. बाईंचे वय अडुसष्ट. एकदा त्याच्या हिसड्याने त्या ओट्यावर आपटल्या. मुलाने पुण्याहून फोनवर सांगितले, "आई, तुला आता हे झेपत नाही. ज्याचा आहे त्याला परत देऊन टाक." परत, म्हणजे त्याच गच्चीवर.

शेजाऱ्यांचा उपाय सोपा होता : "बाई, चौकात नेऊन उभा करा, दोन दिवसांत भीड चेपेल." मराठीत भीड चेपते हे खरे, पण ती चारचौघांत वावरून. भीती चारचौघांत कोंडली तर आणखी मुरते.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बर येथे वर्षानुवर्षे कुत्र्यांची पिल्ले अभ्यासली. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाची आपल्या जातीशी ओळख घडते. शेरूचे ते आठवडे गच्चीवर गेले होते. गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. पण भीती उतरवता येते, हे मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या लहानग्यावर प्रयोग करून दाखवले होते. तो सशाला भिई. त्याला आवडीचे खाणे देत आणि तो खात असता पिंजऱ्यातला ससा त्याचे खाणे थांबणार नाही इतक्याच अंतरावर आणत. रोज थोडे जवळ. अखेरीस सशाने त्याची बोटे कुरतडली तरी तो हसत राहिला. उपचार चालू असताना मध्येच तो आजारी पडला होता आणि इस्पितळातून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आल्याने त्याची जुनी भीती उलटली होती, हा तपशीलही जोन्स यांनी प्रामाणिकपणे नोंदवला आहे.

बाईंनी गळपट्टा काढून छातीपट्टा आणला, दोरी लांब घेतली. पानठेल्यापाशी एक म्हातारी तांबूस कुत्री पडून असे. तिच्या कानाचा तुकडा कापलेला, म्हणजे नसबंदी होऊन आपल्याच मोहल्ल्यात परत सोडलेली. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही शस्त्रक्रियेनंतर कुत्रे मूळ जागी सोडण्याची तरतूद होती. त्यामुळे गल्लीतली कुत्री बहुधा तीच राहतात, ओळख होण्याजोगी. पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी, बाई चाळीस पावलांवर थांबत. शेरूला कुत्री दिसली, की मग उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आधी कुत्री, मागून अंडे. क्रम उलटला तर अंडेच संकटाची चाहूल होऊन बसते. त्याने अंडे नाकारले, की समजावे, अंतर कमी पडले. बाई मुकाट्याने मागे सरत. समोरासमोर त्या कधी गेल्या नाहीत. रोखून पाहत सरळ चालून येणे हा कुत्र्यांच्या जगात उद्धटपणा असतो. जांभई, ओठांवरून जीभ, उगीच जमीन हुंगणे, या खुणा त्यांना हळूहळू वाचता आल्या. आयुष्यभर वर्गातली गप्प मुले पाहिलेल्या बाईंना ते फारसे जड गेले नसावे.

तीन महिन्यांत चाळीस पावलांची बारा झाली. मग एका संध्याकाळी दोन तरणी कुत्री भुंकत अंगावर आली. दुसऱ्या दिवशी शेरू दाराबाहेर पडेना. बाईंनी पुन्हा चाळीसपासून मोजायला सुरुवात केली. मुलाचा फोन आला, की "दिवाळीपर्यंत थांब" एवढेच त्या म्हणत.

दिवाळीला अजून अवकाश होता. एका पहाटे म्हातारी उठली आणि वळसा घेत त्याच्या बाजूने गेली. शेरूने मान फिरवली, जमीन हुंगली, पण दोरी ताणली नाही. ती गेल्यावर तो पानठेल्यापाशी गेला, तिची पडायची जागा कितीतरी वेळ हुंगत राहिला आणि मग तिथल्या खांबापाशी त्याने पाय वर केला. बाई दोरी सैल धरून थांबल्या होत्या.