तिसरी रेघ

आण्णांच्या पासवर वर्ग लिहिलेला असायचा. आण्णा मोहोळ स्टेशनात पॉइंट्समन होते आणि रेल्वेच्या नोकरीत पगारापेक्षा पासाचा मान मोठा. वर आण्णांचं नाव, खाली आईचं, मग आम्हा भावंडांची नावं वयासकट, कुठून कुठे जायचं ती स्टेशनं, आणि एका बाजूला वर्ग : तिसरा. हा कागद आई पत्र्याच्या ट्रंकेत दागिन्यांच्या डबीखाली ठेवायची. डबीत फारसं काही नव्हतं, त्यामुळे ती कुणी उघडत नसे आणि पास सुखरूप राही.

मोहोळला रेल्वे आली 1860 साली. कुर्डुवाडीकडून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोडकडून, रूळ जानेवारीत आमच्यापर्यंत पोचले आणि सोलापूरपर्यंत जायला जून उजाडला. मधले चार-पाच महिने मोहोळ हे लाइनीवरचं शेवटचं स्टेशन होतं. तेवढंच काय ते वैभव. माझ्या लहानपणी रात्रीची मद्रास मेल न थांबता निघून जायची. आण्णा फलाटाच्या टोकाला हिरवा कंदील धरून उभे असत आणि मी त्यांच्या धोतराआड. पहिल्या वर्गाचा डबा पळत्या गाडीतही ओळखू यायचा. खिडकीला पडदा आणि आत एखादंच माणूस. तिसऱ्याच्या खिडक्यांतून कोपरं, डोकी, पोरांचे पाय बाहेर आलेले. दोन माणसांच्या मध्ये किती जागा रिकामी सोडलीय यावर वर्ग ठरतो, हे मी तिथे शिकलो. शाळेत हे कुणी शिकवलं नाही, शिकवलं असतं तरी पटलं नसतं.

1974 साली रेल्वेने तिसरा वर्ग बंद केला. बंद केला म्हणजे त्याला दुसरा म्हणायला सुरुवात केली. डब्यावर रोमन आकड्यात तीन उभ्या रेघा असत, त्यातली एक पुसली की काम झालं. सायडिंगला उभ्या असलेल्या एका डब्यावर मी हे होताना पाहिलं. रंगारी शिडीवर चढला, तिसऱ्या रेघेवरून डब्याचाच तांबडा रंग फिरवला, मान तिरकी करून बघितलं आणि बिडी पेटवायला खाली उतरला. ओला पट्टा बाकीच्या डब्यापेक्षा चांगलाच उठून दिसत होता. जवळ गेलं की रंगाखालची रेघ दिसायचीच. संध्याकाळी आण्णा घरी येऊन म्हणाले, “घ्या, आपण वर चढलो.” आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “अन् बाकडं?”

बाकडं वर चढायला मधू दंडवते यावे लागले. 1977 मध्ये राजापूरचे हे खासदार रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम घालायचा निर्णय झाला. पहिल्या वर्गाला खाली खेचण्यापेक्षा दुसऱ्याला वर उचलावं, अशी त्यांची भूमिका होती. प्रत्यक्ष डबे बदलायला वेळ लागला, पण असा डबा पहिल्यांदा मिळाला तेव्हा आण्णांनी बसण्याआधी अंगठ्याने गादी दाबून पाहिली. अंगठा काढल्यावर खड्डा भरून आला तशी त्यांनी पुन्हा एकदा दाबली. नंतर बऱ्याच आरामशीर गोष्टी माझ्या वाट्याला आल्या, पण प्रवासात एवढा मोठा फरक करणारी दुसरी वस्तू मला आठवत नाही. राजधानी, शताब्दी, वंदे भारत सगळं ठीक आहे. सगळ्यात खालच्या फळीवर दोन इंच घालणारा माणूस मला त्या सगळ्यांहून मोठा वाटतो.

रेल्वेचा पास जिथे चालत नसे तिथे एसटी होती. मोहोळचं स्टँड म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचं आणि पंढरपूरला वळणाऱ्यांचं ठिकाण, त्यामुळे गर्दी कायमची. आषाढीला तर विचारूच नका. गाडी लागायच्या आधीच खिडकीतून टॉवेल पडायचे. टॉवेल नसेल तर टोपी, पिशवी, एकदा तर एका बाईने पोरगंच आत सरकवलेलं मी पाहिलंय. टॉवेल पडला की जागा त्याची, हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता आणि तो कुणी मोडतही नसे. वरती पत्र्यावर रंगाने ‘आमदार’, ‘स्वातंत्र्यसैनिक’ असं लिहिलेल्या जागा असायच्या. आमदार मी एसटीत कधी बघितला नाही. मग 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनंतर एशियाड गाडी आली. भाडं थोडं जास्त, खुर्ची थोडी मऊ, पुढे बघून बसायचं. गावातल्या प्रतिष्ठित लोकांनी लगेच लाल डबा सोडला. पुढे शिवनेरी, शिवशाही... दर काही वर्षांनी नवं नाव यायचं आणि आदल्या वेळचं उंची वाहन साधं होऊन बसायचं.

मी पोस्टात लागलो. बडोद्याच्या ट्रेनिंग सेंटरला जाताना खात्याच्या पैशाने पहिल्यांदा प्रवास केला. केंद्र सरकारच्या नोकरीत माणूस किती मोठा हे तो कोणत्या डब्यात बसू शकतो यावरून कळतं. सातव्या वेतन आयोगानंतरचा 2017 चा आदेश मला पाठ होता. लेव्हल पाचपर्यंत थ्री टायर एसी, सहा ते अकराला टू टायर किंवा विमानाचा साधा वर्ग, चौदापासून पुढे बिझनेस क्लास. मी लेव्हल सहाला पोचून थांबलो. बिझनेस क्लास हा शब्द माझ्यासाठी त्या तक्त्यातला सगळ्यात वरचा रकाना होता आणि तिथे आपण जाणार नाही याचं वाईटही वाटत नसे. कलेक्टरच्या बंगल्यात राहायला मिळत नाही म्हणून कोण रडतं?

आमच्या खात्यातली बरीच मंडळी एलटीसीवर, म्हणजे रजेतल्या प्रवासाच्या सरकारी खर्चावर, अंदमानला जाऊन आली. सरकारने त्यासाठी विमानाची खास सवलत दिली होती. माझं राहून गेलं. मग निवृत्ती, मग हिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. चालायला लागल्यावर ही म्हणाली, आता सावरकरांची कोठडी बघायची. पुण्याहून लेकीने फर्मान काढलं, “पप्पा, तिकिटाचे पैसे मी देणार. आई बिझनेस क्लासनेच जाणार. कुठल्या कंपनीचं ते तुम्ही ठरवा.”

हे 2023 च्या हिवाळ्यातलं. मी जुन्या वहीत आडवे-उभे रकाने आखले. मोहोळहून गाडीने पुणे, पुण्याहून कोलकाता, आणि तिथून पोर्ट ब्लेअर. श्री विजयपुरम हे नाव पुढच्या सप्टेंबरात आलं, तेव्हा पोर्ट ब्लेअरच होतं. समुद्रावरचा टप्पा सव्वादोन तासांचा, खरा प्रश्न त्याचाच. इंडिगोत तेव्हा सगळे एकाच वर्गात. पुढच्या रांगेत पाय पसरायला जागा हवी तर वरचे पैसे भरा. एअर इंडियाच्या तेव्हाच्या नव्या ए-320 मध्ये पुढे 12 खुर्च्या, मागे 150. विस्ताराच्या विमानात 8 बिझनेस, त्यामागे 24 प्रीमियम इकॉनॉमी आणि मग उरलेले 132. म्हणजे रेल्वेने 1974 मध्ये पुसलेली रेघ विमानवाल्यांनी परत ओढली होती! मधल्या चोवीसांकडे बघून मला रेल्वेच्या जुन्या इंटर क्लासची आठवण झाली. मी त्या वर्गात बसलेलो नाही, आण्णा सांगायचे. ना धड साहेब, ना धड जनता.

वेबसाइटवरच्या फोटोत बिझनेस क्लासचा माणूस दुलई ओढून आडवा झोपलेला असतो. ती खुर्ची लंडन-न्यूयॉर्कला जाणाऱ्या मोठ्या विमानातली. बेटावर जाणाऱ्या लहान विमानात खुर्ची फक्त मागे रेलते. फरक असतो तो इंचांत. पुढच्या खुर्चीच्या पाठीपासून आपल्या पाठीपर्यंतचं अंतर साध्या वर्गात 29-30 इंच, बिझनेसमध्ये 40 च्या आसपास. दहा इंचांसाठी भाडं जवळजवळ तिप्पट. मी दर इंचाला किती पडतात ते काढलं आणि वही मिटून चहा मागितला. ही म्हणाली, “एवढ्यात तर आपलं न्हाणीघर नवं होतंय.”

पण बदललेल्या गुडघ्याची अडचण लांबीची नसते. तो नव्वद अंशांत बसू शकतो. त्रास उठताना होतो, आणि कुणाला आत-बाहेर सोडायला तिरकं होताना. प्रीमियम इकॉनॉमीत पाय पसरायला थोडी जास्त जागा असली तरी रांग तीन-तीनचीच. हिला कडेला बसवलं तर आत एक परका माणूस राहणार आणि त्याला लघवीला जायचं झालं की हिने उठायचं. बिझनेसमध्ये दोन-दोन. मी खिडकीशी, ही वाटेशी, आणि दोघांच्या आत कुणी नाही. जेवण, काचेचा ग्लास, आधी चढायचा मान यांतल्या एकाही गोष्टीवर मी जास्तीचा रुपया लावला नसता. शेजारी तिसरं माणूस नसण्याची किंमत मात्र द्यावी असं ठरलं, आणि विस्ताराच्या आठांतल्या दोन जागा घेतल्या. गंमत म्हणजे त्या प्रवासात हिला सगळ्यात मोठा आराम मिळाला तो विमानतळावरच्या व्हीलचेअरचा. ती कुठल्याही तिकिटावर मिळते आणि तिचे पैसे नाहीत.

विमानात बसल्याबरोबर एका मुलीने चिमट्यात धरून गरम टॉवेलची गुंडाळी पुढे केली. मी ती हातात घेऊन क्षणभर तसाच बसलो. हिने तोंड, मान, कोपरापर्यंत हात असं सगळं व्यवस्थित पुसून टॉवेलची घडी घातली. “जागा धरायला दिला असेल,” मी म्हणालो. ती इतकी मोठ्याने हसली की पलीकडचे सुटातले गृहस्थ वळून बघायला लागले. उड्डाणानंतर मागचा पडदा ओढला गेला. थोड्या वेळाने ही म्हणाली, “पडद्यामागं काय चाललंय हो?” मी म्हणालो, “चहा पीत असतील विकतचा.” तिला ते पटलं नाही. आमच्याच आळीतले लोक मागे बसले असावेत तशी ती दोनदा मान वळवून पडद्याकडे बघत होती. गुडघ्यांचं म्हणाल तर ते खूष होते. पोर्ट ब्लेअरला ती कुणाचा हात न धरता उठली. दर इंचाचा हिशेब मी तिथे सोडून दिला.

सेल्युलर जेलच्या सात इमारतींपैकी तीनच आता उभ्या आहेत. कोठडी साडेतेरा फूट बाय सात फूट. इतके दिवस इंच मोजल्यामुळे डोकं आपोआप गुणाकार करायला लागलं, ते मी मुद्दाम थांबवलं. सावरकरांना 1911 च्या जूनमध्ये ठाण्याहून रेल्वेने मद्रासला नेलं. मुंबई-मद्रासचा मुख्य लोहमार्ग मोहोळवरूनच जातो, आणि आमचे शाळेतले गुरुजी दरवर्षी छाती ठोकून सांगत की ती गाडी आपल्या स्टेशनातून गेली. पुढे मद्रासहून जहाज. जन्मठेपेच्या कैद्यांना जहाजाच्या तळाशी पिंजऱ्यात कोंबत. तिथे सावरकरांच्या वाट्याला आलेली जागा सगळ्यांच्या शौचाच्या पिंपालगत होती, हे त्यांनी ‘माझी जन्मठेप’मध्ये लिहून ठेवलंय. वर डेकवर तिकीट काढलेले प्रवासी होतेच. त्या जहाजाचं नाव होतं ‘महाराजा’. पुढे 1946 साली एअर इंडियाने पगडी आणि मिशांचा, कमरेत लवणारा जो महाराजा चितारून घेतला, त्याचा या जहाजाशी काहीएक संबंध नाही. पण माझ्या वहीत एअर इंडियाच्या रकान्यापुढे मी हौसेने त्याचं छोटं चित्र काढलं होतं, आणि तिथे कोठडीच्या दाराशी ते आठवल्यावर मला बोलावंसं वाटेना. हिने विचारलं, “दमलात का?” मी हो म्हणालो.

आता तर विमान सोलापुरातच आलंय. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी उड्डाणाच्या आड येते म्हणून जून 2023 मध्ये पाडली. त्यावरून गावोगाव किती भांडणं झाली ते सोलापूरकरांना सांगायला नको. चिमणीच्या बाजूचे आणि विमानाच्या बाजूचे एका पंगतीला बसत नव्हते. माझं मत विचाराल तर ऊस घालणाऱ्याचं ऐकून घ्यायला हवं होतं, आणि विमानही हवंच होतं. दोन्ही मतं एकदम बाळगल्यामुळे मला दोन्हीकडच्या शिव्या मिळाल्या. जून 2025 मध्ये फ्लाय 91 चं गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात स्टार एअरचं मुंबईचं. स्टार एअरच्या एम्ब्रेयर 175 मध्ये 12 खुर्च्या बिझनेस क्लासच्या असतात. तासाभराच्या प्रवासाला त्या कोण घेतं म्हणून मी चौकशी केली. घेतात म्हणे. मोहोळचेही घेतात. नावंही कळली, ती इथे सांगत नाही.

फ्लाय 91 ची विमानं एटीआर, पंख्यांची, दोन-दोनच्या रांगा आणि वर्ग एकच. गोव्याहून त्यांची सेवा लक्षद्वीपच्या अगत्तीलाही आहे. ते बेट इतकं चिंचोळं की धावपट्टीच्या दोन्ही अंगांना समुद्र दिसतो, आणि धावपट्टी इतकी आखूड की तिथे मोठं विमान उतरूच शकत नाही. अंबानी असो की आमचा भाचा, सार्वजनिक विमानाने अगत्तीला जायचं तर त्याच खुर्चीत. हे वाचून दाखवलं तेव्हा ही भाजी निवडत होती.

“दोन-दोनच्याच रांगा ना?”

“हो.”

“मग आत तिसरं माणूस नाही.”

“नाही.”

“झालं तर. तुमची वही राहू द्या. तिकडं जायला परवाना लागतो आणि त्याला पोलिसांचा दाखला, तेवढं सोमवारी ठाण्यात जाऊन विचारून या.”