चहाच्या दुकानातली मिल्ड्रेड

हातात ट्रे घेऊन ती टेबलापाशी येते, पण गिऱ्हाइकाकडे बघत नाही. तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे, दुसऱ्या टेबलाकडे असते. तिथे तिला आवडणारा माणूस बसलेला आहे. तिच्या पुढ्यात बसलेला फिलिप केरी हा मेडिकलचा विद्यार्थी, एका पायानं अधू, हुशार, हळवा. तिनं एकदा तरी नीट बघावं म्हणून त्याचा जीव वरखाली होतोय. तिला ते कळतं, पण त्यानं तिला काहीही फरक पडत नाही. कप खाली ठेवताना तिचा हात जरासुद्धा हळुवार होत नाही.

'ऑफ ह्यूमन बॉण्डेज' या १९३४ सालच्या चित्रपटातली ही मिल्ड्रेड रॉजर्स. लंडनच्या एका साध्या चहाच्या दुकानातली वेट्रेस. भूमिका केली आहे बेट्टी डेव्हिसनं. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, वीसेक चित्रपट करून झाले होते आणि त्यांतला एकही धड लक्षात राहण्यासारखा नव्हता. हॉलिवूडमध्ये तिच्यानंतर आणि तिच्याआधीही थोर अभिनेत्री होऊन गेल्या. मी त्यांतल्या पुष्कळजणींवर प्रेम केलं आहे. पण कॉलेजपासून आजतागायत पुन्हा पुन्हा जिच्याकडे वळावंसं वाटलं ती हीच, आणि तीही या एका भूमिकेतली.

आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी आम्हाला सॉमरसेट मॉमची कादंबरी वाचायला लावली होती. १९१५ साली आलेली ही जाडजूड कादंबरी. मॉम स्वतः लंडनला सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी शिकलेला, बोलताना अडखळणारा. स्वतःचं ते अडखळणं त्यानं नायकाच्या वाकड्या पावलात घातलं, असं मॅडम सांगत. एका रविवारी त्यांनी आम्हा चौघापाचजणींना घरी बोलावलं आणि व्हिडिओवर कॅसेट लावली. चित्र धुरकट, आवाज खरखरीत. तरी मिल्ड्रेड पडद्यावर आली आणि आमची कुजबुज थांबली.

त्या वयात आम्ही सगळ्या फिलिपच्या बाजूच्या होतो. लेस्ली हॉवर्डचा तो सोशिक, देखणा चेहरा बघून दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. तो तिला जेवायला नेतो, पैसे देतो. ती दुसऱ्याबरोबर लग्न करते म्हणून निघून जाते. त्या माणसाला आधीच बायको असते. ती मूल पोटात घेऊन परत येते, तर हा तिला पुन्हा आसरा देतो. मग ती त्याच्याच मित्राबरोबर जाते. आणि तरीही हा दार उघडतोच. आम्हाला तिचा इतका संताप आला की चहा निवला तरी कुणी कपाला हात लावला नाही. मॅडम मात्र एवढंच म्हणाल्या, "बाईनं काय केलंय बघा. तुम्हाला आपण आवडावं म्हणून एक क्षणसुद्धा धडपडली नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. नटीनं प्रेक्षकांना आवडायचं नाही ही गोष्ट किती अवघड असते, ते पुढे त्या चित्रपटाची हकीकत वाचताना कळत गेलं. नामांकित नट्यांना ही भूमिका नकोच होती. अशी बाई पडद्यावर केली तर लोक आपल्याला तसंच समजतील ही भीती. चित्रपट आर.के.ओ. कंपनीचा, दिग्दर्शक जॉन क्रॉमवेल, आणि बेट्टी डेव्हिस बांधलेली वॉर्नर ब्रदर्सशी. मला या कामासाठी उसनी द्या म्हणून ती जॅक वॉर्नरच्या मागे महिनोन्‌महिने लागली होती. या भूमिकेनं तिचं नुकसानच होईल असं त्याचं मत. शेवटी तिच्या चिकाटीला कंटाळून त्यानं सोडलं. सेटवरही स्वागत झालं नाही. इंग्लिश कादंबरी, इंग्लिश नायक, आणि मध्ये ही मॅसॅच्युसेट्सची पोर. तिनं आत्मचरित्रात लिहिलंय की तिच्या क्लोजअपच्या वेळी लेस्ली हॉवर्ड बाजूला पुस्तक वाचत बसे आणि त्यातूनच मान वर करून आपली वाक्यं टाकी. पुढे त्याच्या कानावर गेलं की ही मुलगी चित्रपट खाऊन टाकतेय, तेव्हा त्याचं पुस्तक मिटलं.

इंग्लंडची बोली तिनं कशी मिळवली तेही ऐकण्यासारखं आहे. काही आठवडे तिनं एका इंग्लिश बाईला घरात कामाला ठेवलं आणि तिचं बोलणं ऐकत राहिली. कशासाठी ठेवलंय, हे त्या बाईला कळू दिलं नाही, नाहीतर ती सावरून बोलली असती.

या बोलीबद्दल कुणी कुणी नाक मुरडतात. अस्सल कॉकनी नाही म्हणतात. मला तो आक्षेप पटत नाही. आपण चांगल्या घरातल्या आहोत असं दाखवू पाहणारी ही मुलगी आहे. शब्द तोंडात घोळवून, नाकात जरा वर चढवून ती बोलते आणि राग आला की तो सगळा मुलामा उडतो. मग खालची गल्ली बोलायला लागते. ते घसरणं नटीनं जाणून केलेलं आहे. आपल्याकडे शहरात आलेली मुलगी ऑफिसात एक भाषा बोलते आणि भांडणात दुसरी, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

नोकरी लागल्यावर मी हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला आणि माझा फिलिप माझ्या हातून सुटला. एका मोठ्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसत होते मी. दिवसभर हसून बोलायचं. कुणी ओळख वाढवायला काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला तरी हसून बोलायचं, कारण तोही पेशंटचा नातेवाईक. संध्याकाळपर्यंत गालांना रग लागायची. तेव्हा एका मैत्रिणीनं सीडी आणली. ट्रे घेऊन येणारी मिल्ड्रेड पाहिली आणि मला पहिल्यांदा तिचे पाय दिसले. म्हणजे कॅमेरा पाय दाखवत नाही. तो तिच्या चेहऱ्यावरच आहे. पण एका कमरेवर भार टाकून ती जी उभी राहते, त्यावरून सकाळपासून किती चालली असेल ते कळतं. या दुकानात येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला तिच्याकडून काहीतरी हवं आहे, आणि तिच्याकडे द्यायला चहा आणि बन एवढंच आहे. कादंबरी तिच्यावर दया दाखवत नाही. पटकथाही फिलिपच्याच डोळ्यांनी तिच्याकडे बघते. तिची बाजू मांडणारा एकही प्रसंग कुणी लिहिलेला नाही. बेट्टी डेव्हिस फक्त त्या उभं राहण्यातून ती बाजू पडद्यावर आणते. आणि हे करताना डोळ्यांत पाणी आणत नाही, आवाज कापरा करत नाही, म्हणजे सहानुभूती मागत नाही. मला ती तिच्या सगळ्या कारकिर्दीतली सर्वांत धाडसी गोष्ट वाटते.

फिलिपनं काहीही विचारलं, नाटकाला येशील का, जेवायला येशील का, की तिचं ठरलेलं उत्तर येतं: हरकत नाही. त्यात होकार नसतो आणि नकारही नसतो. खांदा अर्धा इंच हलतो, पापण्या अर्ध्या मिटतात, बस्स. डेव्हिसच्या डोळ्यांची पुढे दंतकथा झाली. १९८१ साली त्यांच्यावर अमेरिकेत गाणंसुद्धा गाजलं. पण या चित्रपटात ते टपोरे डोळे ती बहुतेक वेळ वापरतच नाही, झाकून ठेवते. वाइनचा पेला ओठांशी नेऊन त्यावरून दुसऱ्या कुणाचा तरी अंदाज घेते तेवढ्यापुरते ते जागे होतात. (त्याच १९३४ साली आपल्या पुण्यात 'प्रभात'च्या 'अमृतमंथन'मध्ये शांतारामबापूंनी चंद्रमोहनचा डोळा पडदाभर दाखवला होता. जगाच्या दोन टोकांना एकाच वर्षी डोळ्यांची ताकद अशी हेरली जावी, याचा मला फार आनंद होतो.)

आणि मग तो प्रसंग येतो. फिलिपच्या घरात राहणारी मिल्ड्रेड त्याच्या जवळ येऊ बघते. तो तिला झिडकारतो, तुझी किळस येते म्हणतो. इतका वेळ झाकलेले डोळे एकदम पूर्ण उघडतात. आवाज खालून सुरू होतो आणि चढत जातो. मला तू कधीच आवडला नाहीस, तुझा कंटाळा यायचा, तू मुका घेतलास की मी तोंड पुसायचे, असं ती म्हणते, आणि म्हणता म्हणता हात उलटा करून ओठांवरून खरोखर फिरवते. एकदा नव्हे, पुन्हा. शेवटी त्याच्या पायाचा उद्धार होतो. ज्या शब्दाला तो आयुष्यभर भीत आला, तोच शब्द ती त्याच्या तोंडावर फेकते. तो फेकताना तिच्या मानेच्या शिरा दिसतात. आजच्या डोळ्यांना हे जास्त वाटू शकेल. काही ठिकाणी आहेच जास्त. हात फार फिरतात, ओरडणं रंगभूमीवरचं वाटतं. मी ते नाकारणार नाही. पण बोलपट तेव्हा जेमतेम सात वर्षांचा होता, आणि पडद्यावर बाईनं इतकं कुरूप होऊन चिडायचं, तेही तिला वेडी किंवा चेटकीण न ठरवता, याला मागे काही वहिवाटच नव्हती. ती वाट तिनंच पाडली.

हा प्रसंग आता मोबाइलवर सुटा फिरतो. तसा पाहू नये असं मला कळकळीनं वाटतं. आधीच्या त्या सगळ्या 'हरकत नाही'वर तो उभा आहे. इतके महिने तोंडातल्या तोंडात गिळलेलं सगळं इथे बाहेर येतं. आधीचं न पाहता नुसता हा तुकडा पाहिला तर एक आरडाओरडा करणारी बाई दिसते आणि माणसं हसतात. यानंतर ती त्याच्या शिक्षणासाठी आलेले रोखे जाळते, चित्रं फाडते. तेव्हाचा तिचा चेहरा बघा, त्यावर समाधान नसतं. एखादं राहिलेलं काम उरकावं तसं ती ते करते.

शेवटाकडे मिल्ड्रेड आजारी पडते. कादंबरीतला रोग वेगळा होता. सेन्सॉरच्या धाकानं चित्रपटात तो क्षय झाला. हॉलिवूडच्या नायिका तेव्हा मरतानाही केस विंचरून मरत. डेव्हिसनं दिग्दर्शकाकडे हट्ट धरला की या भागाचा मेकअप मी स्वतः करणार. तिनं गाल आत ओढले, डोळ्यांखाली काळं भरलं, ओठ सोलवटल्यासारखे केले. घरात लांबलेलं आजारपण एकदा जवळून काढल्यावर मला पडद्यावरची सुंदर मरणं बघवत नाहीत. हे बघवतं, कारण त्यात खोटं नाही. आजारपणानं मिल्ड्रेड शहाणी झाली, नम्र झाली असंही ती दाखवत नाही. शेवटपर्यंत ती तीच कुरकुरी, हिशेबी पोर राहते.

२८ जून १९३४ ला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये चित्रपट लागला. 'लाइफ'नं तिच्या कामाची तोंड भरून स्तुती केली. आणि ऑस्करच्या यादीत तिचं नावच आलं नाही. त्यावर एवढा गदारोळ झाला की अकादमीला त्या वर्षी यादीबाहेरचं नाव हातानं लिहायची मुभा द्यावी लागली. बक्षीस 'इट हॅपन्ड वन नाइट'च्या क्लॉडेट कोल्बर्टला गेलं, आणि ते कामही गोड आहे. पुढच्या वर्षी 'डेंजरस'साठी डेव्हिसला ऑस्कर मिळालं तेव्हा ती स्वतःच म्हणाली की हे उशिरा आलेलं सांत्वन आहे. 'डेंजरस' मी पाहिला. खरं होतं तिचं म्हणणं.

या कादंबरीवर पुढे दोनदा चित्रपट आले, १९४६ साली एलिनॉर पार्करला घेऊन आणि १९६४ साली किम नोव्हाकला घेऊन. दोघींनी मेहनत घेतली आहे. पण दोघींच्याही मिल्ड्रेडला कुठेतरी आपण बघावं, हळहळावं असं वाटत असतं, आणि तिथे ती मिल्ड्रेड राहत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीनं लॅपटॉपवर हा चित्रपट काढला. त्याचे हक्क केव्हाच संपलेले असल्यामुळे तो कुठेही सहज मिळतो. ती विशीतली आहे, आणि मी तिच्या शेजारी बसले ते फिलिपबद्दल तिचं काय मत होतंय या उत्सुकतेनं. तिला त्याचं काहीच कौतुक वाटलं नाही. मध्येच चित्र थांबवून म्हणाली, "आई, ती याला पहिल्यापासून सांगतेय की मला तू आवडत नाहीस. हा ऐकतच नाहीये. आणि वर बिचारा कोण, तर हा!"

"पण तिनं त्याचे पैसे घेतले," मी म्हटलं.

"मग काय करायचं होतं? पोर घेऊन रस्त्यावर बसायचं होतं?"

मी बराच वेळ वाद घातला. तिनं मित्राबरोबर पळून जाणं, ते रोखे जाळणं, त्या पायावरून बोलणं, यांतलं काहीच माफ करण्यासारखं नाही असं मी आजही मानते. मुलगीही माफ कर म्हणत नव्हती. तिचं म्हणणं इतकंच की मिल्ड्रेड वाईट आहे पण खोटी नाही. खोटं आहे ते फिलिपचं प्रेम, कारण त्याला तिच्यात ती सोडून बाकी सगळं दिसतं. मॉमनं हे लिहिलेलं नाही, क्रॉमवेलनं सुचवलेलं नाही. तरी नव्वद वर्षांनंतरच्या मुलीला ते चित्रपटात सापडलं, आणि ते तिथे ठेवलं एका नटीनं, आपली वाक्यं न बदलता, नुसत्या बोलण्याउभं राहण्यातून.

वाद मिटला नाही. मी तिला सांगितलंय की आता 'द लेटर' बघ, १९४० चा. मॉमचाच आहे, डेव्हिसचाच, दिग्दर्शक विल्यम वायलर. त्यात ती पहिल्याच मिनिटाला एका माणसावर गोळ्या झाडते. या रविवारी बसणार आहोत दोघी. त्या बाईची बाजू मुलगी कशी घेते ते मला बघायचंय.