पोयाचा मध

४ मार्च
आबांनी आज पेटी उघडली. पोयाच्या माशीला डंख नाही, पण ती केसांत आणि कानांत शिरते, म्हणून मी डोक्याला पंचा गुंडाळूनच उभी होते. सातेरी मधमाशीसारखी पोळी आत नसतात. मेण आणि झाडांची राळ एकत्र मळून केलेले इवलेसे बुधले असतात, द्राक्षांच्या घोसासारखे एकमेकांना चिकटलेले. मध पातळ, चवीला आंबटगोड. वर्षाकाठी एका पेटीतून काही शे ग्रॅमच निघतो, म्हणून भाव चढा.

५ मार्च
शेजारच्या काकू सकाळीच आल्या. "ह्यांना रोज चमचाभर दिला तर चालेल ना गो? ह्या मधानं साखर वाढत नाही म्हणतात."

या बोलण्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. २०२० साली क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी डंख नसलेल्या पाच जातींच्या माश्यांचा मध तपासला. त्यात दर १०० ग्रॅममागे १३ ते ४४ ग्रॅम ट्रेहॅल्युलोज नावाची साखर सापडली. घटक साध्या साखरेचेच, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. फक्त त्यांचा जोड वेगळा. तो तोडायला आपल्या आतड्याला वेळ लागतो, म्हणून ही साखर रक्तात सावकाश उतरते. दातही तिनं किडत नाहीत. फुलांच्या रसातल्या साध्या साखरेपासून ती माशीच घडवते, हे नंतर उलगडलं. एवढ्याशा जिवाचं हे काम!

पण त्या पाच जाती ऑस्ट्रेलिया, मलेशिया, ब्राझीलकडच्या. आमच्या पेटीतला मध कुणी मोजलेला नाही. शिवाय साधं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही त्यात असतंच. काकूंना म्हटलं, चवीला बोटभर द्या, पण मधुमेहाच्या गोळीच्या जागी नको, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज तर नकोच. त्या हिरमुसल्या. तरी हेच सांगायला हवं होतं.

९ मार्च
ताईनं नातवाला चाटवायला मध मागितला. दिला नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध देऊ नये. त्यात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात. रीत जुनी असली तरी इथं ती सोडायलाच हवी.

जखमेवर लावतानाही असंच जपायला हवं. आम्लता आणि राळेतून उतरलेली द्रव्यं यांमुळे हा मध प्रयोगशाळेत जंतूंची वाढ रोखतो. मात्र दवाखान्यात जखमेवर वापरतात तो मध निर्जंतुक केलेला असतो, बुधल्यातून थेट काढलेला नव्हे.

१४ मार्च
बाटलीत फेस आलाय. पाणी जास्त, त्यामुळे आंबणं आलंच. मधात २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी नको हा नियम नेहमीच्या मधाला ठीक. पोयाचा अस्सल मध त्यात नापास होतो. मलेशियानं २०१७ साली अशा मधासाठी वेगळं मानक केलं. आपल्याकडे आधी कोकणातल्या पोयाच्या मधाची नीट तपासणी व्हावी, त्यातलं ट्रेहॅल्युलोज मोजलं जावं. कृषी विद्यापीठाला देण्यासाठी दोन बाटल्या आबांनी फ्रीजमध्ये वेगळ्या काढून ठेवल्यात.