पिस्तूल की रायफल

मंडळी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी पुन्हा बंदूक हातात घेतली आहे. निम्म्या नातेवाइकांना हे आधीच कळलंय, कारण आमच्या धाकट्या वन्संनी फोन करकरून ते गावभर केलं. उरलेल्यांसाठी आता मीच सविस्तर लिहिते, म्हणजे उगाच ऐकीव गोष्टींवर जायला नको.

"पुन्हा" म्हटलं, कारण पहिल्यांदा ती १९७० साली घेतली होती. कोल्हापुरात कॉलेजला असताना मी एनसीसीत होते. पॉइंट टू टू रायफल, समोर पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद, जमिनीवर पालथं झोपायचं आणि पाच गोळ्या झाडायच्या. आमचे उस्ताद पंजाबी. त्यांचं सगळं शिक्षण "सांस रोको" आणि "हिलो मत" या दोन वाक्यांत संपायचं. एकदा माझी पाचही भोकं एवढी जवळ पडली, की उस्तादांनी खिशातून रुपया काढून वर ठेवला तर तो पाचांवरही बसला. त्यावरून बाहेरगावच्या शिबिरासाठी माझं नाव लागलं. वडील नको म्हणाले. मी काही रडले-बिडले नाही, त्या काळी नको म्हणजे नको. मग बी.ए., लग्न, बी.एड. आणि चौतीस वर्षं मराठीचे तास. रायफल मागे पडली ती पडलीच.

१ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. ५० मीटर, तीन स्थितींची रायफल. आधी गुडघ्यावर बसून, मग झोपून, मग उभं राहून. झोपलेला नेमबाज पडद्यावर दिसला आणि माझे कोपर आपोआप सोफ्याच्या हातावर टेकले. नातू म्हणाला, "आजी, तू पण असंच करायचीस?" म्हटलं, हो. "मग आता का नाही करत?" पोराच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंच पुढे शोधून सांगितलं, की स्वीडनच्या ऑस्कर स्वान या गृहस्थांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बहात्तराव्या वर्षी नेमबाजीचं रौप्यपदक घेतलं होतं. नोव्हेंबरात मी घराजवळच्या रेंजवर नाव घातलं.

तिथे गेल्यावर पहिला प्रश्न, काय खेळणार? मला वाटलं होतं नेमबाजी म्हणजे नेमबाजी. माझी आवडती झोपून मारायची रायफल पहिल्या दिवशीच बाद झाली. पॉइंट टू टूला परवाना लागतो, गोळ्या महाग, आणि मुख्य म्हणजे मी झोपले तर मला उठवायला दोन माणसं लागतील. राहिली हवेची बंदूक. ४.५ मिलिमीटरचे शिशाचे छर्रे, दहा मीटर अंतर, उभं राहून. ती परवान्याशिवाय वापरता येते. त्यात पुन्हा पिस्तूल की रायफल हा प्रश्न होताच.

मी पिस्तूल घेतलं. कारण सरळ होतं. रायफल साडेपाच किलोपर्यंत भरू शकते, वर तो चिलखतासारखा जाड कोट. पिस्तुलाला दीड किलोची मर्यादा, आणि रेंजवरचं तर त्याहून बरंच हलकं होतं. शिवाय पिस्तुलाच्या कागदावरचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. रायफलीचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका! पूर्णविरामसुद्धा त्याहून मोठा असतो. आणि खरं सांगायचं तर पॅरिसचे ते तुर्की गृहस्थ, युसुफ दिकेच, एक हात खिशात घालून साध्या चष्म्यानिशी रौप्य घेऊन गेले, ते मला फार आवडलं होतं.

डोळ्यांची अडचण होती. दोन्ही मोतीबिंदू काढलेले, भिंगं लांबचं दिसणारी. पिस्तुलात लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं, पण टोकाची माशी लख्ख दिसायला हवी, आणि ती असते हातभर अंतरावर. मला नेमकं उलटं दिसायचं. शेवटी चष्मेवाल्याकडे टेप घेऊन गेले, हात लांब करून उभी राहिले आणि डोळ्यापासून मुठीपुढपर्यंत अंतर मोजून घेतलं. तेवढ्याच अंतराचा नंबर करून घेतला. चष्मेवाल्याला वाटलं असेल बाईंचं काही खरं नाही. पण माशी दिसायला लागली. मार्चपर्यंत वीस छर्‍यांत दोनशेपैकी दीडशेच्या वर जायला लागले. कोच म्हणाले, "मॅडम, वयस्कांच्या गटात नाव द्या."

नाव द्यायचं म्हणून ते माहिती भरून घेत होते. औषधं कोणती? मी पर्समधून पाकीट काढून दिलं. त्यांनी नाव वाचलं आणि गप्प झाले.

माझा उजवा हात थरथरतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत फळ्यावरच्या वेलांट्या वाकड्या यायला लागल्या, मुलं मागे हसायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कंपवात नाही, नुसता थरथरीचा विकार आहे, जिवाला धोका नाही. २०२२ पासून त्यावर प्रोप्रॅनोलॉल घेते. हात बऱ्यापैकी स्थिर राहतो. हे औषध बीटा ब्लॉकर गटातलं, आणि नेमबाजीत त्या गटावर पूर्ण बंदी आहे, स्पर्धेच्या दिवशीही आणि एरवीही. हृदयाची गती कमी होते, हात स्थिर होतो, म्हणजे नेमबाजाला जे हवं तेच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू यांची पिस्तुलाची दोन्ही पदकं काढून घेतली ती याच गोळीपायी. आजारपणाच्या कारणानं सवलत मागता येते, पण या खेळात या गोळीसाठी ती मिळणं फार अवघड.

घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "अगं, जिल्ह्याच्या स्पर्धेत तुला कोण तपासणार आहे?" त्यांचं बरोबर होतं, कुणीच तपासलं नसतं. पण चौतीस वर्षांत मी बाकाखालची, बाहीतली, मोज्यातली अशी कितीतरी कॉप्या पकडल्या आहेत, आणि "बाई, सगळेच करतात" हे प्रत्येक वेळी ऐकलं आहे. मुलगा म्हणाला, "मग स्पर्धा सोड ना आई, नुसती मजा म्हणून खेळ." हेही बरोबर. गोळी घेऊन, छंद म्हणून, कुणी अडवलं नव्हतं. आठवडाभर मी तसंच करायचं ठरवलं होतं. पण मला कुठल्यातरी कागदावर माझं नाव आणि त्यापुढे आकडा हवा आहे. हे कबूल करायला या वयात लाज वाटते, पण हवा आहे.

डॉक्टरांकडे गेले. रक्तदाबासाठी नाही, केवळ थरथरीसाठी गोळी होती, म्हणून त्यांनी ती बंद करायला परवानगी दिली. मात्र एकदम सोडायची नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. बीटा ब्लॉकर अचानक थांबवला तर हृदयावर उलटतो. मग कितीतरी आठवडे अर्धी, पाव असं करत जूनमध्ये बंद केली.

आणि पिस्तूल गेलं. एका हातानंच धरायचं असा नियम आहे, आणि माझा तोच हात. माशी कागदाबाहेर फिरून यायची. दोनशेत नव्वद.

कोचनी तेव्हा रायफल हातात दिली. मला वाटलं, पिस्तूल पेलत नाही तिथे ही कशी पेलणार? पण रायफल हातानं पेलायचीच नसते! डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, वजन हाडांवरून थेट पायांत. कोट पाठीला धरून ठेवतो. उजव्या हाताला खटका ओढण्यापलीकडे काम नाही. शिवाय डोळ्यासमोर माशीऐवजी बारीक भोक असतं. त्यातून पाहिलं की जवळचं-लांबचं सगळं एकदम स्पष्ट होतं. लहानपणी मूठ आवळून त्यातून बघायचो तसं. मोजून आणलेला चष्मा आता कपाटात आहे. पाठ मात्र दुखते, म्हणून एका वेळी दहाच छर्रे, मग खुर्ची. गेल्या मंगळवारी दोनशेपैकी १४१ झाले. पूर्णविरामाला एकदाच लागला, तोही चुकून.

पण रेंजवरचा अर्धा तास सोडला तर उरलेला दिवस माझा हात थरथरतोच. श्रावणात शेजारी सत्यनारायणाला गेले होते. कपबशी हातात आली आणि वाजायला लागली. सगळ्या बायका बोलायच्या थांबल्या. एका सुनेनं मुकाट्यानं माझ्या हातातली कपबशी काढून घेतली. चांगल्या मनानं घेतली तिनं, पण मी घरी येऊन थेट औषधाच्या डब्याशी गेले. पाकीट बराच वेळ हातात होतं. मग परत ठेवून दिलं. उद्याही तसंच ठेवीन की नाही, सांगता येत नाही.

स्पर्धेचा अर्ज कालच भरला. सही अशी आली आहे, की बँकेनं परत केली असती.

डिसेंबरात पुतण्याच्या लग्नाला आम्ही दोघं येतोच आहोत. तेव्हा एक विनंती, मला चहा कपबशीतून देऊ नका. पेल्यात द्या, आणि अर्धाच भरा.