पोत्याचा हिशेब

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आमच्याकडे पोरंसोरंही म्हणतात. बाहेर नशीब निघालं तर निघालं, नाहीतर गाव आहेच. मी पुण्याला निघाले तेव्हा मायनं सोबत ज्वारीचं पोतं दिलं, आत लिंबाचा पाला घालून.

सेलू तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानात रब्बीला ज्वारीच असायची. बियाणं ‘परभणी मोती’, आमच्याच कृषी विद्यापीठाचं वाण. दाणे माणसांना, कडबा बैलांना. पुढं दर सुगीनंतर आबा पोतं ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकायचे. पीठ कधी धाडलं नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की कडू पडतं, विरी जाते, भाकरी थापतानाच चिरते. मी लागेल तशी ज्वारी गिरणीतून दळून आणायची.

पुण्यानं मला जे दिलं ते थोडं नाही. गावात दिवेलागणीनंतर बाहेर दिसलेल्या पोरीला दहा जण हटकायचे, ‘कोणाची गं तू?’ इथं रात्री नऊला अभ्यासिकेतून खोलीवर येताना कोणी ढुंकून पाहत नसे. त्या न पाहण्याच्या आडोशाला मी शिकले, नोकरीला लागले, लग्नही माझ्या मनानं केलं. तापानं फणफणले तेव्हाही कोणी पाहिलं नाही, हेही खरं.

अर्धा पगार भाड्यात जाई. तरी महिना निभायचा. मराठवाड्यातून पुण्या-मुंबईत राबायला आलेल्या कितीतरी जणांचा असाच निभतो. तुटपुंजा पगार पुरतो, कारण दाणे, डाळ, शेंगा गावाकडून येतात. शहरातल्या स्वस्त मजुरीचा काही भार आमच्या बापांची रानं उचलतात आणि तो कुठल्याच वहीत मांडला जात नाही.

मग पोतं यायचं थांबलं. ज्वारी काढायला, कणसं मोडायला माणसं मिळेनात. तरणी पोरं आमच्यासारखीच शहरात गेलेली. बैल विकले, कडब्याची गरज संपली. भावानं सोयाबीन आणि त्यावर हरभरा धरला, तो यंत्रानं निघतो. घरात रेशनच्या गव्हाच्या पोळ्या होऊ लागल्या.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष ठरवलं, तेव्हा पुण्यातल्या मॉलमध्ये ज्वारी ‘मिलेट’ म्हणून चकचकीत पाकिटांत मांडलेली होती. आता दिवाळीला गावी जाताना मार्केट यार्डातून ज्वारी मीच नेते. मायला रोज गहू सोसत नाही. ती भाव विचारते, आणि ऐकून कपाळाला हात लावते.

गावी परत ये म्हटलं तर मी जाणार नाही. लेकीची शाळा इथं आहे, माझं काम इथं आहे, आणि रात्री नऊला एकटीनं घरी येण्याची सवय आता मोडवत नाही. पण शहर परवडतं का, असा विषय निघाला की लोक भाडं, पेट्रोल, टँकरचं पाणी मोजतात. त्यात ते पोतंही धरावं. शहर आम्हाला परवडलं, कारण त्याची किंमत गाव भरत होतं.